चाळीस डबे

सरकारी कागदावर मी आचारी होतो. साधासुधा नव्हे, जहाजांवर आणि हॉटेलांत पाच वर्षं कोकणी जेवण रांधलेला, ज्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या इंग्लंडात मिळणार नाही असा आचारी. खरं सांगायचं तर मला भात लावता येत नव्हता. आईने चुलीपाशी कधी बसू दिलं नाही आणि मास्तरांनी चौथीपुढे वर्गात. एकवीस वर्षांचा होतो. खाडीत होडी वल्हवता येत होती, जाळं विणता येत होतं आणि भांडता येत होतं. तो अनुभवी आचारी गणूकाकांनी फॉर्मावर तयार केला. गणूकाका म्हणजे माझ्या बापाचे धाकटे भाऊ. त्यांना घरचा, न पळणारा माणूस हवा होता आणि मला खाडीच्या बाहेर पडायचं होतं. मासा जाळ्यात शिरतो तेव्हा त्यालाही आपण पलीकडे निघालोय असंच वाटत असणार.

ज्या गावात मी उतरलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथे अजून ओळखीची माणसं आहेत आणि मला कुणाला खुलासे द्यायचे नाहीत. टेम्स नदी समुद्राला मिळण्याआधी रुंद आणि मातकट होते, त्या काठावरचं गोदीचं गाव, एवढं पुरे. गोदीच्या गेटापासून तिसरी गल्ली, एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, त्यातलं शेवटचं आमचं. खाली काकांची खानावळ, चार टेबलं. वर सहा खाटा, जहाज सुटलेल्या किंवा पुढच्या जहाजाची वाट बघणाऱ्या खलाशांसाठी. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे पूर्वी कोळसा ठेवायची एक खोली, तिच्यात मी. खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीवर उघडायची. पहाटे गोदीचा भोंगा व्हायचा, मग काकांचा खोकला, मग सुलूकाकूच्या बांगड्या आणि स्टोव्हचा भडका. सीगल पक्षी कौलांवर असे काही कोकलायचे की पहिले सहा महिने मला वाटे, शेजारी कुणीतरी पोरांना मारतंय.

जेवण मात्र घरचं. खलाशी ट्रंकांतून कोकमं, तिरफळं, सुके बोंबील घेऊन यायचे. सुक्या बोंबलाचा वास लागला की पलीकडची म्हातारी धाडकन खिडकी लावायची, आणि काकू तिला उद्देशून मराठीत, हसत हसत, मी इथे लिहू शकत नाही असं बोलायची. मंगळवारी आणि शुक्रवारी मासेवाल्याची गाडी यायची. बांगडे गोऱ्यांना फारसे आवडत नसत, आम्हाला ते पेटीने मिळत. काका मूळचे जहाजावरचे भंडारी, म्हणजे आचारी. एका हिवाळ्यात पाठ मोडली म्हणून जहाजाने त्यांना इथल्या हॉस्पिटलात सोडलं आणि पुढे गेलं. ते इथेच राहिले. पण चालायचे अजून जहाजावरच्यासारखे, पाय फाकवून. मला शिकवलं त्यांनीच. शिकवलं म्हणजे चूक झाली की पळीच्या दांड्याने कोपरावर मारलं. तीन महिन्यांत मी भात लावायला शिकलो, वर्षात बांगड्याचं तिखलं. पुढे खलाशी विचारायला लागले, आज कुणी केलंय, गणूने की पुतण्याने? काका म्हणायचे, "मीच." मी काही बोलत नसे. पण ऐकत असे.

खरा धंदा टेबलांवर नव्हता, डब्यांत होता. अ‍ॅल्युमिनियमचे चार खणांचे डबे, मुंबईहून आणलेले, काकांकडे चोवीस होते. जुन्या गोदीत जहाज लागलं की दहा दहा दिवस हलत नसे. पोती, पेट्या, पिंपं, सगळं हाताने आणि हुकाने उतरायचं. तेवढे दिवस आमच्या माणसांना जहाजावरच्या त्याच त्या जेवणातून सुटका हवी असे. मी एका जुन्या बाबागाडीत डबे रचून गेटातून आत जायचो, शिडी चढायचो. गेटावरचा माणूस झाकण उघडून एक चपाती काढून घ्यायचा, तोच आमचा पास. त्या दहा दिवसांत खलाशी गावात पसरायचे. न्हाव्याकडे, लाँड्रीत, जुन्या कपड्यांच्या दुकानात, पबमध्ये, घरी फोन लावायला टपालघरात. गोदीतल्या एका जहाजावर आमची अख्खी गल्ली जेवायची, जेवण आमचं असलं तरी.

माझा पासपोर्ट काकांच्या ट्रंकेत असे. "हरवशील," ते म्हणाले होते, पहिल्याच दिवशी. नियम असा होता: ज्या मालकाच्या नावावर परमिट, त्याच्याकडेच काम करायचं. दुसरीकडे एक दिवस जरी केलं तरी घरी रवानगी. अशी चार वर्षं भरली की मालकाने पत्र द्यायचं, हा माणूस अजून माझ्याकडे आहे आणि मला हवा आहे. ते पत्र आणि पासपोर्ट क्रॉयडनला, परदेशी माणसांच्या सरकारी कचेरीत, पाठवायचा. क्रॉयडनने शिक्का मारला की माणूस मोकळा, कुठेही काम करो. मी क्रॉयडन कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एक मोठं देऊळ यायचं, खिडकीतून शिक्के देणारं. पुढे ट्रॅममधून तिथे उतरलो तेव्हा नुसत्या काचेच्या इमारती निघाल्या आणि उगाच राग आला.

माझी चार वर्षं भरत आली तेव्हा खानावळ भरत नव्हती. नदीच्या तोंडाशी, आमच्यापासून सहा-सात मैलांवर, नवीन बंदर उभं राहिलं होतं. लांबून बघितलं तर पाण्याकाठी निळ्या जिराफांची रांग उभी आहे असं वाटायचं. माल आता लोखंडी खोक्यांत यायचा, क्रेन ते उचलायची, लॉरीवर ठेवायची, लॉरी मोटरवेला लागायची. जहाज सकाळी लागे, दुसऱ्या दिवशी दिसत नसे. खलाशाला जमिनीवर पाय ठेवायला वेळ नाही, आणि उतरला तरी जाणार कुठे? भोवती कुंपण, आत रस्ते, रस्त्यांवर पिवळे दिवे फिरवत धावणारी यंत्रं. आमच्या जुन्या गोदीत महिना महिना एक जहाज दिसेना. भोंगा बंद झाला त्या दिवशी काका खोकत नव्हते तरी जागे होते. न्हावी गेला, लाँड्री गेली, दोन पब फळ्या ठोकून बंद झाले. वरच्या सहा खाटांपैकी एकीवर एक म्हातारा खलाशी तेवढा उरला होता.

हल्ली टीव्हीवर टाय लावलेली माणसं सांगतात, बंदर वाढलं की भोवतालचा मुलूख वाढतो. खोटं नाही ते. मी डोळ्यांनी पाहिलंय. मोटरवेच्या कडेने मैल मैल लांब गोदामं झाली. एजंटांची ऑफिसं झाली, त्यांत कालपर्यंत दुकानात उभ्या असणाऱ्या पोरी कॉम्प्युटरपुढे बसल्या. नव्वदनंतर तर जुन्या गोदीच्या पाण्याभोवती फ्लॅट उठले, जिथे मी बाबागाडी ढकलली तिथे लोक आता कुत्री फिरवतात. वाढ झालीच. फक्त ती आमची गल्ली ओलांडून पुढे गेली. जुनं बंदर गावातून चालत जायचं, नवीन बंदर गाडीतून जातं. एवढाच फरक मला कळतो, मी काही शिकलेला नाही.

शीला कांबळे मला तिथेच भेटल्या, म्हणजे खानावळीत. मुंबईत वाढलेल्या, नव्या बंदरात एका जहाज एजंटाच्या ऑफिसात कामाला. आठवडाभर आमच्या गावात खोली घेऊन राहायच्या, शनिवारी भावाकडे ईलिंगला जायच्या. गुरुवारी न चुकता जेवायला यायच्या आणि जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायच्या. काकूला ते आवडायचं नाही. "अगो, ठेव ते, इथे माणसं आहेत," ती म्हणायची. "माणसं आहेत म्हणूनच उचलते," शीलाताई म्हणायच्या. त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी, बुद्धाची बोटभर मूर्ती होती. मी परमिटचं सगळं तोंडपाठ सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तू स्वतः वाचलंस का?" मी मान हलवली. इंग्रजी मला बोलता यायचं, वाचता नाही. मग दर गुरुवारी त्या मला एक कागद वाचायला लावायच्या. पत्राचा मजकूर त्यांनीच टाइप करून आणला. खाली काकांची सही तेवढी हवी होती.

"आणि सही झाली की आमच्याकडे ये," त्या म्हणाल्या. "जहाजावर चढून साखळ्या-सळ्या बांधणाऱ्यांची गँग आहे. फोरमन माझ्या ओळखीचा आहे. त्यांना न घाबरता चढणारी माणसं हवीत."

"मी डोलकाठीवर चढलेला माणूस आहे," मी म्हटलं.

"ते त्याला सांग. मला कशाला सांगतोस?"

पत्र मी काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं आणि महिनाभर काढलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, बघू. पुन्हा विचारलं की, "घाई कसली मेल्या? तुला काय इथे कुणी डांबून ठेवलंय?" मला तर वाटे तसंच आहे. पत्र दिलं तर मी जाणार हे त्यांना दिसत होतं. पत्र दिलं नाही आणि खानावळ बंद पडली, तर मी परत खाडीत. दोन्हीकडून माझी मान त्यांच्या हातात. आणि मी जितका अडकलो होतो तितकेच तेही अडकले होते, हे आता लिहिताना कळतं. तेव्हा कळलं असतं तरी मी दया दाखवली असती असं नाही. काकू एकदा कांदा चिरता चिरता त्यांना म्हणाली, "अहो, पोराचं काम करून टाका. तुमचं काय जातंय?" काका म्हणाले, "माझं काय राहिलंय ते सांग आधी."

असा तो दिवस आला. सकाळचे आठ वाजले असतील. फोन वाजला, मी उचलला. लाइनीत खरखर, मागे कसल्या तरी यंत्राची घरघर. पलीकडे इब्राहिमचाचा, रत्नागिरीकडचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, काकांचे जुने दोस्त. दोन वर्षांत त्यांचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाले, "कोण, पुतण्या काय? गणूला सांग, चाळीस डबे आहेत, बारा वाजता. चाळीस. समजलं? गणूला सांग मग..." आणि पुढे नुसता गोंगाट, आणि फोन तुटला.

मी आत जाऊन सांगितलं. "इब्राहिमचाचांचा फोन. चाळीस डबे, बारा वाजता."

काका तेव्हा खुर्चीवर बसून पायमोजा चढवत होते. एक पायमोजा हातातच राहिला. "किती?"

"चाळीस."

"नीट ऐकलंस?"

"दोनदा म्हणाले."

त्यानंतर त्या घरात जे झालं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. काका उठले ते पाठदुखी विसरून. काकूला म्हणाले, मोठं पातेलं काढ. म्हातारा खलाशी वरून खाली आला आणि न सांगता बटाटे सोलायला बसला. वार शुक्रवार, मासेवाल्याच्या गाडीतले सगळे बांगडे काकांनी उचलले. डबे चोवीसच, म्हणून काकूने आइस्क्रीमचे आणि मार्गारिनचे रिकामे डबे धुऊन पुसून ओळीने मांडले आणि म्हणाली, "दिसायला बरं नाही हो." काका म्हणाले, "इब्राहिम झाकण बघत नाही, आतलं बघतो." ते गुणगुणत होते. त्यांना गुणगुणता येतं हे मला माहीत नव्हतं. मला त्यांनी नारळ दिले, लंडनहून आणलेले, जपून ठेवलेले सहा, आणि विळी दिली.

तिसरा नारळ खवताना माझा हात थांबला. शीलाताईंनी मला सांगितलं होतं, अशा नव्या जहाजावर सगळी मिळून वीस-बावीस माणसं असतात. आमची त्यातली निम्मी. मग चाळीस डबे कुणाला? आणि मग आठवलं, वरच्या खाटांवर मुक्कामाला आलेले नव्या जहाजांवरचे खलाशी त्या लोखंडी खोक्यांना काय म्हणायचे. कंटेनर हा शब्द त्यांच्या जिभेवर बसत नसे. ते म्हणायचे, डबे. आज अमुक डबे उतरले, तमुक डबे चढले. चाळीस डबे आहेत, बारा वाजता. चाचा जेवण मागत नव्हते. ते काम किती उरलंय ते सांगत होते.

मी मान वर केली. काका तिखल्यात तिरफळं टाकत होते. बोलायला तोंड उघडलंच होतं मी, हे देवाशपथ सांगतो. तेवढ्यात ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो तुझा कागद आण रे. माझ्या कोटाच्या खिशात आहे."

मी कागद आणला. त्यांनी पदरासारखं पुढे बांधलेल्या फडक्याला हात पुसले, टेबलावरचं पीठ फुंकलं आणि सही केली, मोठी, शेवटी एक आडवी रेघ ओढून. वाचलं नाही. कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ट्रंकेतून पासपोर्ट काढून घे. हे असं काम असलं तर मला आणखी दोन माणसं आणता येतील. तू काय, जा कुठे जायचं तिथे."

मी गेलो. ट्रंक उघडली. काकूच्या लग्नातल्या शालूखाली माझा पासपोर्ट होता. तो आणि पत्र मी शर्टाच्या आत, पोटाशी ठेवलं, खाली आलो आणि उरलेले तीन नारळ खवले. एक शब्द बोललो नाही. आजपर्यंत मी बऱ्याच लोकांना बरीच कारणं दिली. म्हणालो, खात्री नव्हती. म्हणालो, म्हाताऱ्याचा आनंद मोडवेना. खात्री होती. आणि आनंदाचं म्हणाल तर मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो.

साडेअकराला आम्ही भाजीच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. काकांनी पितळी बटणांचा जहाजावरचा कोट घातला होता, तो पोटावर लागत नव्हता. काकू मागे डब्यांत बसली होती, रस्सा सांडू नये म्हणून दोन्ही हात पसरून. नव्या बंदराच्या अलीकडे लॉरींची रांग लागली होती, मैलभर तरी, इंजिनं बंद करून ड्रायव्हर पायऱ्यांवर बसलेले. आम्ही बाजूने पुढे गेलो. गेटावर पिवळ्या जाकिटातला माणूस, हातात यादी. इब्राहिमचाचांचं नाव सांगितलं. यादीत आमचं नाव नव्हतं. काकांनी डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे चपाती धरली. तो माणूस गोंधळून मागे सरकला. उद्धट नव्हता बिचारा, त्याला कळलंच नाही. त्याने एजंटाच्या ऑफिसला फोन केला आणि दहा मिनिटांनी शीलाताई वाऱ्यात केस धरत चालत आल्या.

"काका, तुम्ही इथे कसे?"

"इब्राहिमची ऑर्डर आहे," काका म्हणाले. "चाळीस डबे."

शीलाताईंनी आधी काकांकडे बघितलं, मग व्हॅनच्या मागच्या काचेतून काकूकडे, मग माझ्याकडे. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "काका, चाचांनी फोन माझ्याच टेबलावरून केला होता. मी ऐकत होते. चाळीस कंटेनर चढायचे राहिलेत, बारा वाजता शेवटचा चढला की जहाज सुटतंय, म्हणून गणूला सांग मला भेटायला येता येणार नाही, असं सांगत होते ते. लाइन कट झाली. त्यांना वाटलं निरोप पोचला."

कुंपणापलीकडे क्रेनने एक लाल खोका उचलला आणि जहाजावर ठेवला. आवाज जरा उशिराने आमच्यापर्यंत आला. काका कोटाचं बटण लावायचा प्रयत्न करत होते. ते लागलं नाही. मग व्हॅनमध्ये येऊन बसले, माझ्या शेजारी. समोर बघत म्हणाले, "तुला केव्हा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, असं म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागितला नसता. पण मी खोटं बोलून माफी मिळवणारा माणूस नाही, असं मला तेव्हा स्वतःबद्दल वाटायचं. म्हणालो, "नारळ खवताना."

"नारळ सहीच्या आधी खवलास की नंतर?"

"आधी."

त्यांनी मान डोलावली, कुणी पत्ता सांगितल्यावर डोलावतात तशी.

काकूने मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं ती रडायला खाली उतरली. ती डबा घेऊन सगळ्यात जवळच्या लॉरीपाशी गेली होती आणि हातांवर गोंदलेल्या एका दांडग्या ड्रायव्हरला तिच्या इंग्रजीत सांगत होती, "फिश. राइस. हॉट. यू ईट." त्याने वास घेतला, विचारलं, लव्ह (तिथे अनोळखी बाईलाही असंच म्हणतात), हे काय आहे? ती म्हणाली, "फिश. आय टोल्ड यू." तो जेवला. बोटांनी, काट्यांशी झगडत. त्याच्या मागचा उतरून आला, मग त्याच्या मागचा. तास तास रांगेत अडकलेली माणसं ती, आसपास चहाचीसुद्धा टपरी नाही. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस गेले. एकाने विचारलं, सोमवारी येणार का? काकूने माझ्याकडे बघून विचारलं, "सोमवारी कशाला म्हणतोय हा? उद्या काय झालं?"

काका व्हॅनमधून उतरले नाहीत.

घरी आल्यावर मी पत्र आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. "घ्या. फाडायचं तर फाडा."

"मी केलेली सही मी फाडत नाही," काका म्हणाले. एवढंच. काकूने ते लिफाफ्यात घालून टपालघरात नेऊन दिलं, कारण मी हात लावेना आणि तेही लावेनात. आम्ही एका हाडाचे.

क्रॉयडनने सात महिने लावले. त्या सात महिन्यांत काका माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी समोर उभा असताना काकूला म्हणायचे, त्याला सांग मीठ कमी पडलंय. काकू म्हणायची, "तो बहिरा नाही हो." खानावळीची टेबलं आम्ही विकली आणि काकूच्या हट्टापायी व्हॅनच्या बाजूला खिडकी कापली. रोज सकाळी लॉरींच्या रांगेशी उभे राहायचो, अंडी, पाव, चहा, आणि शुक्रवारी बांगडा. नव्या बंदराने आमची गल्ली ओलांडली होती, आता आम्ही त्याच्या दारात जाऊन बसलो. काका आत उभे राहून रांधायचे. पाठ इतकी वाकली होती की खिडकीतून ड्रायव्हरांना त्यांचा नुसता हात दिसायचा.

मग पासपोर्ट आला. शिक्का मीच वाचला, बोट ठेवून, शब्द शब्द. कुठेही काम करायला आता अडचण नव्हती. शीलाताईंनी फोरमनशी बोलणं केलं. सोमवारी सकाळी सहाला गँगमध्ये हजर व्हायचं. मी लोखंडी टोकाचे बूट घेतले. शनिवारी आणि रविवारी ते घालून घरात चाललो, सवय व्हावी म्हणून. काकू म्हणाली, जमीन फोडशील. ती खूश होती, मी कधी नव्हे इतका हलका होतो. आई गेली तेव्हासुद्धा मला गावी जाता आलं नव्हतं, ते सगळं मनात मोजून मी ठरवलं होतं, आता या घरात एक दिवस जास्तीचा राहायचा नाही.

सोमवारी साडेपाचला बूट घालून मागच्या दाराने निघालो. व्हॅन दारात उभी होती, काका आत एकटेच गॅस पेटवत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. वळून बघितलं नाही. म्हणाले, "जा. त्याच्यासाठीच गप्प बसला होतास ना?"

बरेच दिवस मी स्वतःला सांगितलं की त्यात टोमणा नव्हता. असेल, नसेल. माझी मुलगी म्हणते, "बाबा, त्यांनी तुम्हाला परमिशन दिली होती, यू जस्ट हॅड टू वॉक." ती इथे जन्मली, पिनरला वाढली, तिला रस्ता दिसला की ती चालते. मला काही ते जमलं नाही. मी गेलो असतो तर ते वाक्य खरं ठरलं असतं, आणि काका मरेपर्यंत खरं राहिलं असतं. क्रॉयडनने मला सोडलं होतं, कागदावर कुठेही माझ्यावर बंधन उरलं नव्हतं, आणि मी त्या व्हॅनच्या पायरीशी असा उभा होतो की पाय उचलेना. शीलाताईंचा फोरमन सहा वाजता माझं नाव पुकारणार होता. गल्लीच्या टोकाशी बस आली, दार उघडलं, थोडं थांबली आणि गेली.

मी व्हॅनमध्ये चढलो. आत दोन माणसं धड मावत नव्हती. काकांनी जागा करून दिली नाही, तेव्हा मीच त्यांना कोपराने सरकवलं, तवा पुढे ओढला आणि अंडी फोडायला घेतली. पुढची नऊ वर्षं मी तिथेच होतो. त्या सकाळी आम्ही निघायच्या वेळी काका म्हणाले, मीठ कमी घातलंस. मला म्हणाले.